दवातल्या रेघा आणि थ्री-पटचा हिशेब: गोल्फमधल्या पटिंगचा सराव तुम्ही कसा करता?

मुठेकाठ

पुण्यात डिसेंबरात पावणेसातला जेमतेम उजाडतं. प्रॅक्टिस ग्रीनवर (ग्रीन म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) तेव्हा दव असतं, गवत कापायचं यंत्र अजून फिरलेलं नसतं. मागच्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी मी आठ फुटांवरून एकाच होलकडे दहा बॉल मारले. गोळा करायला निघालो तर दवावर दहा रेघा उमटलेल्या, पाटीवर पेन्सिलीने ओढाव्यात तशा. दहाही रेघा पहिल्या वितीपासूनच डावीकडे गेलेल्या. ती जागा अगदी सपाट आहे. तिथे डावीकडे ब्रेक (उतारामुळे बॉलला मिळणारं वळण) आहे असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. ब्रेक नव्हताच, माझ्या पटरचं (ग्रीनवर बॉल लोटायच्या काठीचं) तोंड डावीकडे वळत होतं.

गुडघे टेकून जवळून पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. बॉल ठेवला होता तिथून पुढे चार बोटं दव जसंच्या तसं होतं, रेघ त्यानंतर सुरू होत होती. म्हणजे बॉल आधी उडी मारत होता आणि मग लोळत होता. पटरच्या तोंडाला तीन-चार अंशांचा कल असतो, गवतात किंचित रुतलेला बॉल वर यायला तेवढा पुरतो. मी हात मागे ठेवून पटरचं डोकं पुढे काढत होतो, त्यामुळे तो कल वाढायचा आणि बॉल उडायचा. मनगटं सैल पडत होती, दुसरं काही नाही.

त्या दिवशी घरी येऊन वही काढली. पुढचे बारा राउंड (एक राउंड म्हणजे अठरा होल) प्रत्येक ग्रीनवर तीन गोष्टी लिहिल्या: पहिला पट (पटरने मारलेला फटका) किती पावलांवरून, पहिल्या पटनंतर किती उरलं, एकूण पट किती. राउंडला सरासरी ३७ पट निघाले, त्यात चार-पाच ग्रीनवर तीन-तीन, म्हणजे थ्री-पट. मला वाटत होतं की मी दिशेला चुकतो. वही वेगळंच सांगत होती. थ्री-पट झाले त्यातल्या बहुतेक वेळा पहिला पट सहा-सात फूट आखूड राहिला होता. आडवं गेलेलं अंतर फूट-दीड फूटच.

गणित करून पाहिलं तर हे पटतं. होलचा व्यास ४.२५ इंच, बॉलचा १.६८. दहा फुटांवरून दिशा एक अंश चुकली की बॉल होलच्या मध्यापासून साधारण दोन इंच बाजूला पोचतो, म्हणजे ऐन काठावर. जवळच्या पटला एक अंशही महाग पडतो. पण तीस फुटांवरून पूर्ण दोन अंश चुकले तरी बॉल फक्त फूटभर बाजूला जातो, आणि फूटभराचा पट कुणीही टाकतो. लांबून दिशा माफ करते, अंतर माफ करत नाही. मी मात्र वर्षानुवर्षं सराव म्हणून काय करत होतो? सहा फुटांवर उभं राहून एकामागून एक पंचवीस बॉल. चौथ्या बॉलपासून हाताला ती जागा पाठ होते आणि उरलेले एकवीस बॉल माणूस स्वतःला खूष करायला मारतो. कोर्सवर तोच पट दुसऱ्यांदा कधी मिळत नाही.

आता मी दोन्ही दुखण्यांचे सराव वेगळे ठेवले आहेत.

घरी रोज दहा मिनिटं, फक्त दिशा. एक मीटरची स्टीलची पट्टी गालिच्यावर ठेवतो, एका टोकाला बॉल, आणि बॉल पट्टीवरून खाली न पडता शेवटपर्यंत गेला पाहिजे. पटरचं तोंड जरा वाकडं असलं की बॉल अर्ध्यातच उतरतो.

ग्रीनवर आठवड्यातून तीनदा अर्धा तास, त्यातली वीस मिनिटं फक्त अंतर. दहा, वीस, तीस, चाळीस फुटांवर टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) रोवतो आणि एकाच बॉलने शिडी चढतो-उतरतो. होलकडे मारत नाही, ग्रीनच्या कडेकडे मारतो, कारण होल दिसला की मन बॉल आत गेला का एवढंच बघतं. कडेपासून तीन फुटांच्या आत थांबला की पास. चारही पास झाले तरच शिडी पुरी, एक चुकला तर पुन्हा दहापासून. बॉल एकच ठेवतो, त्यामुळे प्रत्येक वेळी चालत जावं लागतं, पुन्हा उभं राहावं लागतं, पुन्हा बघावं लागतं.

आता राउंडला ३३-३४ पट होतात, थ्री-पट एखादा. जे मिळालं ते इथे मांडावं आणि तुमच्याकडून आणखी घ्यावं म्हणून हा धागा. कोण कसा सराव करतं?

कोवळे ऊन

पट्टीवर बॉल ठरतो कसा तुमचा? माझा हात लावायच्या आधीच गडगडतो.

मुठेकाठ

पट्टीच्या टोकाला खिळ्याला अडकवायचं भोक असतं ना, त्यावर ठेवा. बरोबर बसतो. आणि पटर पट्टीला घासू देऊ नका, केसभर वर ठेवून मारा.

लांब पल्ला

चांगला धागा. पण एक मुद्दा ठामपणे मांडतो. पटिंगला आपण गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतो. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेच्या) लाखो फटक्यांचा हिशेब मांडला. पीजीए टूर २०११ पासून पटिंग मोजायला जी ‘स्ट्रोक्स गेन्ड’ (इतरांच्या सरासरीपेक्षा किती फटके वाचले) पद्धत वापरते ती त्यांच्याच कामातून आली. त्यांच्या हिशेबाने चांगला आणि साधारण खेळाडू यांच्यातला दोन तृतीयांश फरक होलपासून १०० यार्डांच्या बाहेरून मारलेल्या फटक्यांमुळे पडतो. टूरवरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच पट टाकतात, दहा फुटांवरून शंभरातले चाळीस, वीस फुटांवरून पंधरा. मग आपण दहा फुटांचे चुकले म्हणून जीव का जाळायचा? तेवढा वेळ आयर्नवर (लांबून ग्रीनकडे मारायच्या काठ्यांवर) घालवला तर बॉल होलजवळ पडेल आणि पटही आपोआप कमी होतील.

मुठेकाठ

आकडे बरोबर आहेत आणि त्यांचा मला उपयोगच झाला. आठ फुटांवरून जगातले उत्तम खेळाडू निम्मे चुकतात हे कळलं तेव्हापासून चुकलेल्या आठ फुटी पटनंतर माझा पुढच्या होलचा पहिला फटका बिघडत नाही. पण त्याच हिशेबात आणखी एक आकडा आहे. टूरवर तीन फुटांवरून शंभरातले ९६ पट पडतात आणि तेहतीस फुटांच्या आसपास सरासरी दोन पट लागतात. म्हणजे लांबून दोनात आटोपणं आणि तीन फुटांचा न चुकणं, एवढंच मागायचं. हे दोन्ही सरावाने येतं. माझं वय ५८. ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) वीस यार्डांनी वाढवणं आता माझ्या पाठीच्या हातात आहे. तीन फुटांचा पट माझ्या हातात आहे.

गच्चीवरची

लांब पल्ला, तुमच्या मुद्द्यावर मला टोकियो ऑलिंपिक आठवतं. आपली गोल्फर अदिती अशोक त्या आठवड्यात लांबीला मैदानात अगदी मागे होती, आधी कोविड होऊन गेल्यामुळे अंगात ताकद नव्हती. बहुतेक होलवर दुसरा फटका तिलाच सगळ्यांत लांबून मारावा लागायचा. तरी चौथी आली, ब्राँझ एका फटक्याने हुकलं. कॅडी (काठ्यांची पिशवी घेऊन सोबत चालणारी) तिची आई होती. गोल्फ कधीही न पाहिलेले माझे सासरे शनिवारी पहाटे उठून माझ्याबरोबर टीव्हीसमोर बसले होते आणि प्रत्येक पटला हात जोडत होते. तिला तिथपर्यंत पटरने नेलं हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझा सराव सांगते. मी खारघरला राहते, सिडकोचं कोर्स जवळ आहे, पण मुलीची शाळेची बस आणि ऑफिस यांच्यामध्ये मला पंचवीस मिनिटं मिळतात. म्हणून माझं बहुतेक काम घरीच.

एक, नाण्यांचा खेळ. फरशीवर पाच रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवायची आणि पटरने फक्त वरचं नाणं उडवायचं. खालचं हललं तर पटर खूप खाली आला, कोणतंच हललं नाही तर वरून गेला. बॉलच्या मध्यावर फटका बसायला याने जितकी मदत झाली तितकी कशानेच नाही.

दोन, टायगर वूड्सचं म्हणून प्रसिद्ध असलेलं दार. पटरच्या दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा सोडून दोन टी रोवायच्या आणि मधून स्ट्रोक काढायचा. घरी टीऐवजी मी हळदीकुंकवाचे दोन करंडे ठेवते. धक्का लागला की आवाज होतो आणि आवाज झाला की मला लगेच कळतं.

तीन, दिवसाचा शेवट. स्टीलचा पेला आडवा ठेवून तीन फुटांवरून सलग वीस. चुकला की एकपासून. पंधराच्या पुढे गेलं की छातीत जे होतं ना, तेच कोर्सवर शेवटच्या होलला होतं. ते घरी सोसायची सवय लावून घ्यायची एवढ्यासाठीच हा खेळ. अमेरिकन गोल्फर फिल मिकेलसन होलभोवती वर्तुळात बॉल मांडून तीन फुटांचे सलग शंभर टाकायचा असं म्हणतात, मला वीसच पुरतात.

कोवळे ऊन

गालिच्यावर सराव करणाऱ्यांना एक विनंती. गालिच्यावर अंतराचा सराव करू नका. मी घरच्या घरी स्टिम्पमीटर (ग्रीनचा वेग मोजायचं साधन) केला होता. मूळ कल्पना एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन गोल्फरची, १९३५ची. खाचेची ३६ इंची पट्टी, तिच्या खाचेत बॉल ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं, साधारण वीस अंशांवर बॉल स्वतःहून सुटतो. सपाट जागेवर जितके फूट पळेल तितका त्या ग्रीनचा वेग. मी सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा केला, नेहमी एकाच उंचीला उचलतो. त्यामुळे खरा आकडा मिळत नाही, पण दोन जागांची तुलना होते. आमच्या दिवाणखान्यातल्या गालिच्यावर बॉल जितका पळतो त्याच्या जेमतेम निम्मा पावसाळ्यातल्या ग्रीनवर पळाला. सहा महिने मी घरी जो हात तयार केला होता तो जुलैत प्रत्येक पट आखूड ठेवत होता. घरी दिशा, ग्रीनवर अंतर, ही मुठेकाठ यांची वाटणी अगदी योग्य आहे.

बाभूळ

सगळ्यांचं वाचलं. मी आज नोकरी करतो, पण दहावीपर्यंत सुट्टीत कॅडी होतो आणि वडिलांनी आयुष्यभर तेच केलं. सरावाबद्दल इतकं लिहिलं गेलं, ग्रीन वाचण्याबद्दल कुणीच नाही, म्हणून लिहितो. चुकीच्या रेघेवर कितीही सुंदर स्ट्रोक मारला तरी काय उपयोग?

वडील ग्रीनवर पोचल्यावर वाचायला सुरुवात करत नसत. चाळीस पावलं लांब असतानाच मान जरा कलती करून सगळं ग्रीन एका नजरेत घ्यायचे. ते म्हणायचे, पाऊस पडला तर पाणी कुठून निघून जाईल ते बघ. बांधणाऱ्याने पाण्याला वाट ठेवलेलीच असते, बॉलही तीच वाट धरतो. जवळ गेल्यावर हे दिसत नाही, जवळून सगळं सपाट वाटतं. मग पायाने वाचायचे. बॉल आणि होलच्या मध्यावर बाजूला उभं राहून दोन्ही पायांवर सारखं वजन टाकायचं, कोणता तळवा जड वाटतो ते बघायचं. डोळा फसतो, तळवा सहसा फसत नाही.

दुसरी गोष्ट लव. आपल्याकडच्या बहुतेक ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं आणि त्याला मखमलीसारखी लव असते. ग्रीन चकचकीत दिसलं तर लव तुमच्यापासून पलीकडे आहे, बॉल पळणार. गडद, मंद दिसलं तर लव तुमच्याकडे आहे, बॉल अडणार. एकाच ग्रीनवर एकाच अंतराचे दोन पट, एक लवीबरोबर आणि एक लवीच्या उलट, कितीतरी वेगळे मारावे लागतात. ऊन नसलं तर होलचा काठ बघा. एका बाजूला काठ स्वच्छ कापलेला असतो, दुसऱ्या बाजूला विस्कटलेला, तपकिरी. लव त्या विस्कटलेल्या बाजूकडे वाढते. आडव्या पटला हे फार कामाला येतं, कारण बॉल होलजवळ मंदावतो आणि मंद बॉललाच लव ओढते.

मुठेकाठ, तुमची दहा ते चाळीस फुटांची शिडी एकाच दिशेने असेल तर अर्धाच सराव होतोय. उलट बाजूनेही चढा.

साहेब लोक आम्हाला विचारायचे, किती? आम्ही सांगायचो, एक कप (होलच्या रुंदीएवढं) डावीकडे. पण एक कप म्हणजे कोणत्या वेगाने ते कुणी विचारत नसे. हळू मारणाऱ्याला तोच पट दीड कप, जोरात मारणाऱ्याला कपाच्या आत. वडील आधी साहेबांचे दोन होल नुसते बघायचे, तिसऱ्यापासून सांगायचे.

मुठेकाठ

बाभूळ, हा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला. मी खरंच एकाच दिशेने शिडी करत होतो, उगवतीकडून मावळतीकडे, कारण त्या बाजूला बाक आहे आणि पिशवी तिथे ठेवता येते.

लांब पल्ला

वेगाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. बॉल होलमध्ये अलगद पडावा असा मारायचा की चुकला तर पुढे जाईल असा? डेव्ह पेल्झ, जे आधी नासात शास्त्रज्ञ होते आणि नंतर आयुष्यभर पटिंग शिकवत राहिले, ते सांगायचे की चुकलेला पट होलच्या १७ इंच पुढे थांबावा. होलभोवती लोकांच्या पावलांनी गवत दबून खोलगट होतं आणि होलला लागून कुणी पाय ठेवत नाही म्हणून तिथे बारीक उंचवटा राहतो. मेलेला बॉल त्या उंचवट्यावरून घसरतो.

बाभूळ

शनिवारी दुपारी, शंभर-सव्वाशे माणसं ग्रीनवरून गेल्यावर, त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. पण पहाटे पहिल्या राउंडला ग्रीन ताजं असतं. आणि उतारावर, लवीबरोबर १७ इंचांचे चार फूट कधी होतात कळत नाही. हळू येणाऱ्या बॉलला होल पूर्ण रुंदीचा मिळतो, काठावरूनही आत पडतो. जोरात येणाऱ्याला फक्त मधला भाग मिळतो. चढावर पेल्झ, उतारावर अलगद.

उत्तरवारा

स्कॉटलंडहून लिहिते, मूळची नाशिकची. इथे शिकायला आले तेव्हा पटर हातात धरला नव्हता. सेंट अँड्र्यूजला ओल्ड कोर्स या प्रसिद्ध गोल्फ मैदानाला लागूनच ‘हिमालयाज’ नावाचं पटिंगचं मैदान आहे. नावातच हिमालय म्हणून मी गेले. ते १८६७ साली स्थापन झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबचं आहे आणि त्या काळचे नामवंत गोल्फर ओल्ड टॉम मॉरिस यांनी आखलं. थोडे पौंड भरले की कुणालाही पटर आणि बॉल देतात. आजी, नातवंडं, विद्यार्थी, सगळे एका रांगेत.

उंचवटे माणसाच्या कमरेएवढे. होल समोर आहे पण मारायचं काटकोनात, बॉल टेकडीवर चढतो, दमतो, वळतो आणि खाली येतो. तिथे सरळ पट असा नसतोच, त्यामुळे दिशेपेक्षा बॉल कुठे जाऊन दमेल हेच डोळ्यांपुढे आणावं लागतं. मला अंतराचा हात तिथे आला. कुणी शिकवला नाही. इथल्या गवताला बाभूळ म्हणतात तशी लव जाणवत नाही, त्याऐवजी वारा आहे. जोराच्या वाऱ्यात पटसुद्धा वळतो आणि उभं राहतानाच तोल जातो, म्हणून लोक पाय जास्त फाकून उभे राहतात.

तिथून ओल्ड कोर्सचं अठरावं ग्रीन जवळच आहे. १९७०च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत डग सँडर्सचा जिंकून देणारा पट तिथेच चुकला, जेमतेम तीन फुटांचा. बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये जॅक निकलस जिंकला. मी त्या कठड्याला टेकून ती जागा बराच वेळ पाहिली. सपाट दिसते. गच्चीवरची ताई, तुमचे सलग वीस वाचताना तेच आठवलं.

सांजसावली

मला मदत हवी आहे. तीस फुटांचा पट मी छान मारतो. दोन-तीन फुटांवर आलो की उजव्या हाताला झटका बसतो. बॉल होलच्या पाच फूट पुढे. दोन वर्षं चाललंय. हात नको वाटतो स्वतःचा. मित्रांबरोबर खेळणं कमी केलं.

बाभूळ

याला यिप्स म्हणतात आणि हे भल्याभल्यांना झालंय. जर्मन गोल्फर बर्नहार्ड लँगरला आयुष्यात अनेकदा झालं आणि तरी त्याने दोनदा मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. दर वेळी त्याने पकड बदलली. तुम्ही आधी डावा हात खाली, उजवा वर अशी उलटी पकड धरून बघा. झटका देणाऱ्या हाताकडून काम काढून घ्यायचं. आणि मित्रांबरोबर खेळणं सोडू नका.

गल

मी जास्त करून वाचनमात्र असतो, पण सांजसावली यांच्यासाठी लिहितो. लहानपणी गोट्या खेळलात का? गोटी मारताना बोटांकडे कुणी बघायचं? नजर गलीवर किंवा समोरच्या गोटीवर. मी छोट्या पटला बॉलकडे बघणंच सोडलं. रेघ ठरवायची, पटर लावायचा, मग डोळे होलवर नेऊन तिकडेच बघत मारायचं. अमेरिकन गोल्फर जॉर्डन स्पीथ मोठमोठ्या स्पर्धांत छोटे पट असे मारायचा. पहिले दोन दिवस बॉल पटरच्या टोकाला लागला, तिसऱ्या दिवशी हात शांत झाला. फटका मारायचा क्षण डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे हात त्याला घाबरत नाही.

लांब पटच्या सरावातही मी आधी दोन वेळा होलकडे बघत रिकामा स्ट्रोक काढतो. गलीत गोटी टाकण्याआधी हात हलवायचो तसा.

कोवळे ऊन

झेंडा होलमध्येच ठेवून पट मारला तर पेनल्टी लागते का? आमच्याकडे रोज वाद होतो.

लांब पल्ला

नाही. २०१९च्या नियमांपासून ठेवता येतो. त्याच वर्षापासून बुटांच्या खिळ्यांचे ओरखडेही पट मारण्याआधी दुरुस्त करता येतात.

सांजसावली

गल, बाभूळ, दोघांचं एकत्र करून बघितलं. उलटी पकड आणि नजर होलवर. आज सकाळी अडीच फुटांवरून तीस मारले. नऊ चुकले, पण झटका दोनदाच आला. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. उद्या पुन्हा करतो आणि कळवतो.

मुठेकाठ

सांजसावली, नक्की कळवा, आकड्यांसकट. चुकलेले कुठे गेले तेही लिहा, डावीकडे, उजवीकडे की आखूड. दव मिळालं तर रेघांचा फोटो काढा.

मी आज दोन्ही बाजूंनी शिडी केली. मावळतीकडून उगवतीकडे चाळीस फुटांचा पट चार वेळा आखूड राहिला, एकदा तर आठ फूट. काठ पाहिला, बाभूळ म्हणतात तसाच माझ्या बाजूला विस्कटलेला होता.

गच्चीवरची

काल रात्री सतराव्याला पेल्याच्या काठाला लागून परत आला. आज पुन्हा एकपासून.